पुरात बुडालेली हार्ड डिस्क व लॅपटॉप: माहिती वाचवता येईल का?

प्रश्न:
चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी आलेल्या पुराचे पाणी आमच्या मामांच्या दुकानात शिरले. त्यांचा लॅपटॉप आणि उधारीच्या सर्व नोंदी असलेली फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क, दोन्ही गाळात सापडली. अजून काहीही चालू केलेले नाही. शेजारी म्हणतात, तांदळात ठेवा. लॅपटॉप गेला तरी चालेल, नोंदी मात्र हव्या आहेत.

पहिले उत्तर:
चालू केले नाही, हे फार चांगले झाले. पुराच्या पाण्यात क्षार असतात आणि त्यातून वीज वाहू लागली की बोर्डावरील (चिप बसवलेल्या पाटीवरील) तांब्याच्या रेघा झिजू लागतात. बॅटरी जोडलेली असेल, तर बटण बंद असूनही हे चालूच राहते. म्हणून आधी बॅटरी सोडवावी, मात्र ती फुगलेली असेल तर स्वतः हात न लावता कारागिराकडे न्यावे. तांदळाने चिपखाली अडकलेले पाणी निघत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टमध्ये जाते. सुटा केलेला बोर्ड डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रशने साफ करतात.

दुसरे उत्तर:
हार्ड डिस्कचे शास्त्र वेगळे आहे, म्हणून कळकळीने सांगतो: ती सुकवू नका आणि उघडूही नका. बहुतेक डिस्कना हवेचा दाब सारखा राखण्यासाठी एक बारीक छिद्र असते आणि त्यातून गढूळ पाणी आत जाऊ शकते. ते आत वाळले की गाळ तबकडीला चिकटून बसतो. वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवरूनच फिरते, त्यामुळे मातीचा एखादा कणही चुंबकीय थर खरवडून टाकू शकतो. डिस्क ओलसर फडक्यात गुंडाळून हवाबंद पिशवीत घालावी आणि स्वच्छ (धूळविरहित) कक्ष असलेल्या, बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढणाऱ्या डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेकडे लवकर पोहोचवावी. त्याच मॉडेलचा दुसरा बोर्ड लावून देतो, असे कोणी म्हटल्यास थांबा, कारण बहुतेक डिस्कच्या बोर्डावरील चिपमध्ये त्या एकाच डिस्कची मापे साठवलेली असतात.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. लॅपटॉपमध्ये एसएसडी (तबकड्यांऐवजी चिपमध्ये माहिती साठवणारी डिस्क) आहे, तिचे काय?

पहिले उत्तर देणारे:
तिच्यात फिरणारा भाग नसल्याने ती बोर्डाप्रमाणेच धुऊन, पूर्ण सुकवून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. बिटलॉकर (विंडोजमधील, डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल, तर तिथे रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा क्रमांक, मागितली जाईल. ती मामांच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे का, हे आजच पाहून घ्यावे.