मदत हवी आहे: ताई दुबईत, भाची पुण्यात, व्हिडिओ कॉलवर बोलणंच होत नाही

माझी ताई नर्स आहे, दिवाळीनंतर दुबईला गेली. भाची दुसरीत, इथे सिंहगड रोडला माझ्या आईकडे राहते, भावोजी चाकणला शिफ्टमध्ये त्यामुळे त्यांचं येणं-जाणं रात्रीबेरात्री. तिकडे व्हॉट्सॲपचे कॉल लागतच नाहीत, मेसेज आणि व्हॉइस नोट तेवढ्या जातात, म्हणून बोटिम या कॉलिंग ॲपवर बोलतात. व्हीपीएन (ब्लॉक केलेलं चालू करणारं ॲप) टाक म्हणणारे पुष्कळ भेटले पण गैरवापर ठरला तर दंड पाच लाख दिरहमपासून सुरू, त्या भानगडीत पडायचंच नाहीये.

खरा घोळ वेळेचा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, ताईची ड्यूटी सात ते सात, ती रूमवर येईपर्यंत इथे दहा वाजतात आणि पोर झोपलेली. मग उरतो सकाळी पावणेसातचा कॉल. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून हिची वेणी घालते आणि ताई तिकडून विचारत राहते, दूध प्यायलीस का, डब्यात काय, गृहपाठ झाला का. "हो." "पोळीभाजी." "हो." संपलं! सुट्टीच्या दिवशी निवांत वेळ असतो तर ही पाच मिनिटांत फोन उलटा धरून पंखा दाखवते आणि आजीच्या हातात देऊन पळते. मग ताई मला व्हॉइस नोट पाठवून रडते.

आई म्हणते रोज कॉल नकोच, फोन ठेवला की पोर चिडचिड करते, आठवड्यातून एकदा बोला. मला पटत नाही, पण चिडचिड मीपण बघतेय ना. ज्यांच्या घरचं कोणी आखातात आहे त्यांनी सांगा, रोजचं बोलणं ठेवलंत की कमी केलंत? आणि प्रश्नोत्तरं सोडून करायचं काय?

प्रतिसाद: कमी करू नका. बायको शारजाला आहे माझी. झूम, गूगल मीट चालतं तिकडे. सुट्टीला लावून ठेवतो, पोरगा चित्रं काढतो, ती भाजी निवडते, कोणी बोललं नाही तरी चालतं. आणि ताईंना गोष्ट रेकॉर्ड करून अर्धीच पाठवायला सांगा, पुढे काय झालं हे मुलगीच विचारेल.

धागाकर्ती: अर्ध्या गोष्टीचं भारी आहे, आजच सांगते ताईला. पण आईकडे लॅपटॉप नाही, मोबाईलवर मीट चालू असताना मधेच फोन आला तर बंद पडतं का? तिला भिशीवाल्यांचे सारखे फोन येत असतात.