जुना टीव्ही गेम: लाल दिवा लागतो, पण पडदा करडाच

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे नव्वदच्या दशकातला कॅसेटचा टीव्ही गेम आहे, माझ्या दादाचा. दोन रिमोट, बंदूक, कॅसेटी, सगळं मूळ खोक्यात आहे. दिवाळीला दादा मुलांना घेऊन येतोय, त्याआधी तो चालू करून ठेवायचाय.
मागे जुन्या टीव्हीला लावला तेव्हा लाल दिवा लागायचा, पण नुसता करडा पडदा. कॅसेट हलवली की मध्येच रंगीत चौकोन दिसायचे. पुढे अ‍ॅडॉप्टर हरवला आणि तो टीव्हीही गेला. घरात राउटरचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पडलाय, पिन बरोबर बसते. लावू का? नव्या एलईडी टीव्हीवर चित्र येईल का? इथले दुरुस्तीवाले म्हणाले, टाकून द्या, एचडीएमआयची नवी गेम स्टिक घ्या. मला हाच हवाय. मल्टिमीटर आहे, सोल्डरिंग कॉलेजात केलंय.

जुनीकॅसेट
राउटरचा अ‍ॅडॉप्टर अजिबात लावू नका, ताई. राउटरला बहुतेक वेळा मधली पिन पॉझिटिव्ह असते. हे गेम ज्याच्या नकला, त्या निन्टेंडोच्या १९८३ च्या जपानी फॅमिकॉम या गेमला मधली पिन निगेटिव्ह आहे, १० व्होल्ट ८५० मिलिअँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. नकलांमध्ये काहींनी तेच ठेवलं, काहींनी उलटं केलं. म्हणून अंदाजावर जायचं नाही, मोजायचं.
गेमचं प्लास्टिकचं कवच उघडा. पॉवरच्या जॅकजवळ तीन पायांचा ७८०५ (व्होल्ट उतरवून ५ वर आणणारा भाग) दिसेल, बहुधा पत्र्याला स्क्रूने आवळलेला. त्याचा मधला पाय म्हणजे ग्राउंड. मीटर बीपवर ठेवून एक टोक त्या पायाला लावा, दुसरं जॅकच्या आतल्या सुईला. बीप आला तर मध्ये निगेटिव्ह. नाही आला तर जॅकच्या बाहेरच्या पत्तीला लावून खात्री करा. मग त्याप्रमाणे ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्या. १२ नको, कारण हा ७८०५ वरचे सगळे व्होल्ट उष्णतेत घालवतो. गेम समजा ३०० मिलिअँपिअर खात असेल, तर ९ व्होल्टवर सव्वा वॅटच्या आसपास उष्णता होते, १२ वर दोन वॅटच्या वर. एवढ्याशा पत्र्याला ते फार होतं.
आता करड्या पडद्याचं. ती चांगली बातमी आहे, आणि हे मी मनापासून सांगतोय. टीव्हीवर मुंग्या न दिसता सपाट करडा रंग दिसतो म्हणजे चित्र बनवणारा भाग जिवंत आहे, वीज पोचते आहे, फक्त कॅसेटमधला प्रोग्राम आत येत नाही. कॅसेट हलवल्यावर चौकोन दिसतात म्हणजे दोष संपर्कातच. साठ पिना आहेत, त्यातल्या थोड्या काळवंडल्या तरी पुरे. मी शेजारपाजारचे, मित्रांचे असे गेम दुरुस्त करत आलोय, आणि ‘मेला’ म्हणून हातात आलेल्यांपैकी बरेचसे निव्वळ साफसफाईने उठलेत.
कॅसेटच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, एकाच दिशेने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. स्लॉटसाठी जुन्या एटीएम कार्डाची पट्टी कापा, त्यावर पातळ सुती कापड गुंडाळा, अल्कोहोलमध्ये ओलं करून सरळ आतबाहेर करा. कापड काळं निघेल. पांढरं निघेपर्यंत बदलत राहा. फुंकर मारू नका, थुंकीच्या ओलाव्याने पिना आणखी गंजतात.
टीव्हीचं: गेम चालू ठेवून अ‍ॅनालॉग ऑटो सर्च लावा. नाहीच सापडलं तर एव्ही (अँटेनाऐवजी चित्र-आवाज थेट टीव्हीला देणाऱ्या तारा) काढता येईल, ते पुढे सांगतो. आधी एवढं करा, आणि आतला फोटो टाका.

डॉटमॅट्रिक्स
निन्टेंडोच्या पहिल्या गेमबॉयलाही (हातात धरायचा गेम) हेच लागू पडतं. पडद्यावर उभ्या रेषा गायब झाल्या की लोक सरळ आयपीएस (नव्या प्रकारचा एलसीडी) पडदा मागवतात. खरं तर खालच्या रिबन केबलचा जोड सैल झालेला असतो, सोल्डरिंग आयर्नचं टोक त्यावरून हळूच फिरवलं की रेषा परत येतात. फक्त गेम चालू ठेवून करा, म्हणजे रेषा येताना दिसते आणि कुठे थांबायचं ते कळतं.
ताई, गेमचं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवा, नव्यासारखं होतं.

जुनीकॅसेट
रिबनचं अगदी बरोबर. पिवळेपणाबाबत माझं मत वेगळं आहे. लेप असमान लागला तर पांढरे ओघळ उमटतात आणि ते मग निघत नाहीत. नीट जमलं तरी पिवळा रंग पुढेमागे परत येतो, कारण तो प्लास्टिकच्या आतूनच येतो. दादाने हाताळलेलं प्लास्टिक आहे, तसंच राहू दे. मॉडच्या (गेममध्ये केलेल्या फेरबदलांच्या) बाबतीतही मी एवढं पाळतो की मूळ प्लास्टिक कापायचं नाही आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून खोक्यातच ठेवायचा.

पंचगंगाकाठ
झालं! मध्ये निगेटिव्ह निघालं, म्हणजे राउटरचा लावला असता तर संपलं होतं. ९ व्होल्टचा आणला, ७८०५ च्या तिसऱ्या पायावर बरोबर ५ व्होल्ट येतात. कापड खरंच काळं निघालं. आता सगळ्या कॅसेटी चालतात.
तीन गोष्टी राहिल्यात. अँटेनावरून चित्र येतं पण आडव्या लाटा फिरतात. पहिल्या रिमोटचं उडी मारायचं बटण जोरात दाबावं लागतं. आणि बंदूक लागतच नाही, बदकं सरळ उडून जातात. बोर्डावर चिप अशी दिसत नाही, नुसता काळा गोळा आहे.

जुनीकॅसेट
वा, फार छान वाटलं वाचून!
काळा गोळा म्हणजे अख्खा गेम एका चिपमध्ये. त्याला हात लावू नका, तो गेला तर दुरुस्ती नाही. नशिबाने तो क्वचितच जातो.
लाटांसाठी ७८०५ जवळचा मोठा कपॅसिटर बदला, आहे तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. निगेटिव्हची पट्टी बघूनच बसवा. तरी चित्र खराब वाटलं तर एव्ही काढा. अँटेनाच्या पत्र्याच्या डबीत जाणाऱ्या तारांमध्ये एक व्हिडिओची, एक आवाजाची असते. व्हिडिओ थेट टीव्हीला दिला तर फिका पडतो, मध्ये एक पीएनपी ट्रान्झिस्टर, ७५ ओहमचा रेझिस्टर आणि २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. बीसी५५७ आणि २एन३९०६ दोन्ही चालतात, पण त्यांचे पाय एकमेकांच्या उलट क्रमाने आहेत, बघून लावा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळेल. आकृती उद्या टाकतो.
रिमोट उघडून रबराची काळी टिकली आणि खालचा बोर्ड पुसा.
बंदूक मात्र बिघडलेली नाही. घोडा ओढला की गेम क्षणभर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, आणि नळीतला सेन्सर तो चौकोन त्याच क्षणी शोधतो. एलईडी टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तोवर वेळ निघून जाते. जुना डब्याचा (पिक्चर ट्यूबचा) टीव्ही हवा. नातेवाइकांच्या माळ्यावर, भंगारवाल्याकडे विचारा, दिवाळीपर्यंत सापडेल.