मदत हवी आहे: टिकल्यांच्या गाऊनसाठी बॉटल ग्रीन की विटकरी?

रिसेप्शनसाठी भरगच्च टिकल्यांचा गाऊन शिवायला टाकायचा आहे. वर्ण गव्हाळ, अंडरटोन (त्वचेची आतली झाक) उबदार: चांदीपेक्षा सोनं खुलतं, पांढऱ्याशुभ्रपेक्षा मोतिया. दागिने सोन्याचेच असतील.

कापडं गळ्याशी धरून दिवसाच्या उजेडात आणि पिवळ्या दिव्याखाली पाहिली. चंदेरी टिकली बाद, चेहरा राखाडी दिसतो. शॅम्पेन रंग त्वचेतच मिसळतो. फोटोत बाही कुठे संपली तेच कळत नाही. वाईन रंगाला निळसर झाक निघाली. उरले दोन: बॉटल ग्रीन जाळीवर अँटिक गोल्ड टिकली, किंवा विटकरी जाळीवर तांब्याची.

अडचण प्रकाशाची आहे. हॉलचे दिवे पिवळे, व्हिडिओवाल्याचा लाइट मात्र पांढराफटक. विटकरी पिवळ्यात झकास उठतो, पण पांढऱ्यात हनुवटीखाली लालसर छटा टाकतो. हिरवा चेहऱ्याला काही करत नाही, फक्त पिवळ्यात काळपट पडतो. टिकली 3 मिमीचीच ठेवणार, मोठी फ्लॅशमध्ये पांढरे ठिपके देते. आणि हो, काळा रंग कृपया सुचवू नका.

अस्तर अजून घेतलेलं नाही. हिरव्या जाळीखाली त्याच रंगाऐवजी जुन्या सोनेरी सॅटिनचं अस्तर लावलं तर काळपटपणा जाईल, की जाळीच मेहंदी रंगाची घ्यावी?