बांधावरचा खेकडा आणि चोडणचा खेकडा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या भातशेतात बांध पोखरणारा खेकडा आणि गोव्यात चोडण बेटावर चिखलात दिसलेला एका मोठ्या नांगीचा खेकडा एकच, असं कुणीकुणी म्हणतं. नाही हो, दोघांचं बिऱ्हाडच वेगळं.

चोडणच्या त्या खेकड्याची मोठी नांगी फक्त नराला. कुणाची उजवी, कुणाची डावी. तिनं खाता येत नाही. ती हलवून मादीला बोलवायचं आणि दुसऱ्या नराला दटावायचं. घास घ्यायला धाकटी नांगी, त्यामुळे जेवताना बिचारा एकहाती. मादीच्या दोन्ही नांग्या लहान, ती दोन्ही हातांनी जेवते. चिखल तोंडात घालून त्यातलं सूक्ष्म शेवाळ वेचायचं नि उरलेल्याची गोळी बाहेर टाकायची. ओहोटीला बिळाभोवती दिसतात ते बारीक गोळे हेच, विष्ठा नव्हे. भरती आली की बरेचदा चिखलाचं बूच मारून आत बसतो.

खरा फरक पिल्लांत. चोडणच्या खेकड्याच्या अंड्यांतून निघालेले डिंभक, म्हणजे अजून खेकड्याचं रूप न आलेली पिल्लं, खाऱ्या पाण्यात तरंगत वाढतात. आपल्या बांधावरच्या खेकड्याच्या अंड्यांतून थेट चिमुकले खेकडेच निघतात, आई त्यांना पोटाखाली घेऊन फिरते. म्हणून तर तो समुद्राविना घाटमाथ्यावर नांदतो.

गंमत म्हणजे नदी एकच. खानापूरकडच्याच भीमगडच्या रानातली म्हादई खाली मांडवी होते, आणि चोडण तिच्यातच आहे.

आणि हो, चोडणच्या खेकड्याच्या रश्शाचा बेत असेल तर सोडा. अंग जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर.