मदत हवी आहे : १८-१९ गुणांनंतर लेकीची शॉर्ट सर्व्हिस जाळ्यात जाते

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. लेक चौदा वर्षांची आहे, बॅडमिंटनमध्ये दुहेरी खेळते. सरावात तिची शॉर्ट सर्व्हिस जाळ्याला जेमतेम चुकवून पलीकडे उतरते, बघत राहावी अशी. सामन्यात गुण १८-१९ वर आले, की तीच सर्व्हिस जाळ्यात जाते.

त्या वेळी डोक्यात काय असतं, असं विचारलं. म्हणाली, "मनगट हलतंय का, तेच बघत असते आई." मला वाटतं, गोम इथेच आहे.

म्हणून थोडं वाचलं. संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांनी १९९८मध्ये स्कीइंगच्या यंत्रावर प्रयोग केला होता. स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या चाकांवर जोर कसा पडतोय याकडे लक्ष देणारे जास्त चांगलं शिकले. म्हणजे लक्ष अंगावर नको, अंगाने घडणाऱ्या परिणामावर हवं. दुसऱ्या संशोधक जोन विकर्स यांचं काम नजरेवर आहे: हालचाल सुरू होण्याआधी कसलेल्या खेळाडूची नजर लक्ष्यावर जास्त वेळ स्थिर असते.

पण सर्व्हिसला लक्ष्य कुठलं धरायचं? हातातलं शटल, जाळ्याची पट्टी, की पलीकडची सर्व्हिस लाइन? समोर रॅकेट उंचावून उभी असलेली मुलगी नजर खेचून घेते ते वेगळंच. १० मीटर एअर रायफलच्या नेमबाजाला ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटं मिळतात, तो प्रत्येक गोळीआधी मन जागेवर आणू शकतो. इथे ११ गुणांवर ६० सेकंदांची विश्रांती, मग गेम संपेपर्यंत खेळ सलग. तेवढ्यात करता येईल असं काय आहे? आणि गॅलरीतून आम्ही पालक "लक्ष दे गं!" म्हणून ओरडतो, त्याने पोरींना काहीच कळत नाही. कशाकडे लक्ष द्यायचं, ते कोणी सांगतच नाही.

कबड्डी खेळलेल्यांनाही विचारायचंय. चढाईत तोंडाने दम चालू असतो, त्यामुळे पायांचा विचार मागे पडतो का? तसं असेल तर सर्व्हिसआधी एखादा शब्द मनात म्हणून बघता येईल.

सर मनापासून शिकवतात, पण सूचना सगळ्या मनगट, कोपर, खांदा अशाच असतात. त्यांना न दुखवता हा विषय कसा काढू? ठाणे-नवी मुंबईत खेळाडूंबरोबर काम करणारे क्रीडा मानसशास्त्रज्ञ माहीत असतील तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा. जिल्हा स्पर्धा जवळ आली आहे. त्याआधी काय बदलावं आणि कशाला हात लावू नये, तेही सांगा.