कोरड्या हवेतही सायकल रॅक गंजतो

"जळगाव-धुळ्याची हवा कोरडी, त्यामुळे गाडीमागच्या सायकल रॅकला गंज लागणार नाही" हे अर्धंच खरं आहे. पोलादी रॅक बहुधा आतून सडतो. पाइपाच्या टोकांची प्लास्टिकची बुचं आपल्याकडच्या उन्हात तडकतात, पावसाळ्यात पाणी आत शिरतं आणि साचून राहतं. बाहेरचं पावडर कोटिंग मात्र शाबूत दिसतं. म्हणून पावसाळ्याआधी बुचं काढून टॉर्चने आत बघा. तपकिरी भुकटी पडली तर पाइप पूर्ण सुकवून आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळ भागात फवारायचं गंजरोधक मेण) मारा, नवी बुचं बसवा. वेल्डशेजारी पापुद्रे सुटत असतील तर रंग लावून वेळ मारून नेऊ नका, तो रॅक काढाच.

किरकोळ ओरखडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, थिनरने पुसा, मग झिंक प्रायमर आणि वर रंग. गंजावरच रंग मारला तर तो फुगून सुटतो.

ॲल्युमिनियमच्या रॅकला स्टेनलेसचे बोल्ट असतील तर ओल लागली की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड दिसते. नायलॉनचे वॉशर घाला, बोल्टच्या आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावा. मात्र अँटी-सीझ लावलेला बोल्ट कोरड्याइतकाच आवळला तर जास्त ताणला जातो, हे ध्यानात ठेवा.

रॅक खतांच्या गोण्यांशेजारी ठेवणं टाळाच. पोटॅशमधलं क्लोराइड लोखंड भराभर खातं.

आणि सायकल बांधायचे पट्टे! उन्हाने ते पांढुरके, ताठ झाले की बदला. गंजाआधी बहुतेक तेच दगा देतात.