मदत हवी आहे : पर्पल मार्टिनच्या घरट्यात काय अंथरू?

नमस्कार मंडळी,

आम्ही पेन्सिल्व्हेनियात, हॅरिसबर्गजवळ राहतो. मागच्या अंगणात पर्पल मार्टिनसाठी खांबावर आठ प्लॅस्टिकचे भोपळे टांगले आहेत. हा पक्षी आपल्या माळभिंगरीच्या कुळातला, पण अंगाने बराच मोठा. नर उन्हात जांभळा-काळा चमकतो. हिवाळ्यात ब्राझीलकडे असतो, आमच्याकडे एप्रिलमध्ये येतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडे तो जवळजवळ फक्त माणसाने दिलेल्या घरांतच अंडी घालतो. पूर्वी इथले मूळ रहिवासी, म्हणजे चोक्टॉ आणि चिकसॉ जमातींचे लोक, त्याच्यासाठी वाळलेले भोपळे टांगायचे. ते भोपळे म्हणजे आपला दुधीच, म्हणून प्लॅस्टिकच्या घरांनाही अजून तोच आकार.

गेल्या वर्षी पहिल्यांदा एक जोडी राहिली. मी हौसेने भोपळ्यात लॉन कापल्यावर निघालेलं गवत भरून ठेवलं होतं. जूनमध्ये चार दिवस पाऊस लागून राहिला. गवत खालून कुजलं, बुरशी धरली. पाच पिल्लांतली तीन गेली. नंतर घरटं काढलं तर तळाशी रक्त पिऊन फुगलेल्या अळ्या होत्या. उरलेली दोन उडून गेली, पण त्या तिघांचं अजून मनातून जात नाही.

यंदा चूक नको आहे. दुकानात सीडरच्या लाकडाचे छिलके मिळतात, गव्हाचं काड मिळतं, आणि शेजारच्या पाइनच्या झाडाखाली सुयांचा खच पडलेला असतो. यातलं काय घालू? किती जाड? की काहीच न घालता त्यांचं त्यांना आणू द्यावं? पिल्लं असताना घरटं बदलतात असंही ऐकलं. पण माणसाचा हात लागला की चिमण्या पिल्लाला टोचून मारतात, असं आजी सांगायची. ते इथेही लागू आहे का?

आणखी एक. भोपळ्यात चिमण्या शिरतात आणि मार्टिनची अंडी फोडतात. पुण्यात माझी बहीण चिमण्यांसाठी गॅलरीत खोकी लावते आणि मी इथे त्यांची घरटी काढून टाकायची, हे मनाला फार जड जातं.

प्रतिसाद

ताई, टेक्सासमध्ये बारा वर्षं मार्टिन ठेवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

लॉनचं गवत अजिबात नको. ते पाणी धरून ठेवतं, शिवाय त्यावर तणनाशक मारलेलं असू शकतं. लाकडाचा बारीक भुसाही नको, ओला झाला की त्याचा गोळा होतो. पाइनच्या सुया मला सगळ्यांत आवडतात : पाणी निथळतं, खालून हवा खेळते, आणि तुम्हाला फुकट मिळताहेत. फक्त कोरड्या करकरीत असू द्या. सीडरचे जाडसर छिलकेही चांगले, पुष्कळ लोक तेच वापरतात. काड चालेल, पण ते लांब असतं, कापून घाला.

जाडी साधारण एक इंच. मागच्या बाजूला हाताने दाबून वाटीसारखा खळगा करा, म्हणजे अंडी दारापासून लांब राहतील. थर उंच झाला तर पिल्लं दारातून खाली पडतात. बाकीचं काम त्यांच्यावर सोडा. काड्या, चिखल ती स्वतः आणतात, दाराशी चिखलाचा बांधही घालतात. अंडी घालायच्या सुमाराला हिरवी पानं आणून आत पसरतात. ती पानं काढू नका.

सुया आधीपासून भरून ठेवू नका. मार्टिन येईपर्यंत दारं बंद ठेवा, नाहीतर तयार बिछाना चिमणीच पटकावते.

आता अळ्या. त्या एका माशीच्या असतात, दिवसा घरट्यात लपतात आणि रात्री पिल्लांचं रक्त पितात. म्हणून पिल्लं दहा दिवसांची झाली की कोरड्या दिवशी ती हलकेच बादलीत काढायची, जुनं सगळं झटकून टाकायचं, नव्या सुयांचा तसाच खळगा करून पिल्लं परत ठेवायची. पाच-दहा मिनिटांचं काम. पावसात घरटं भिजलं तर दहा दिवसांची वाट पाहू नका, लगेच बदला. पण पिल्लं बावीस दिवसांची झाली की हात घालू नका, घाबरून वेळेआधी उडी मारतात.

प्रतिसाद

हात लागल्याने मार्टिन पिल्लं टाकत नाहीत. आई-बाप तारेवर बसून आरडाओरडा करतात, तुम्ही खांबापासून दूर झालात की चारा घेऊन परत येतात. भोपळा मात्र त्याच जागी, त्याच तोंडाने टांगा.

चिमण्यांबद्दल तुमचं दुःख समजतं. पण इथली चिमणी 1850 च्या सुमाराला ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली आहे. 1918 चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा मार्टिनला संरक्षण देतो, चिमणीला नाही. अंडी घालण्याआधीच तिचं गवत रोज काढत राहिलात तर पुढचा वाईट प्रसंग टळतो. तिचं घरटं ओळखायला सोपं : छतापर्यंत कोंबलेलं गवत, पिसं, कागदाचे कपटे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. शेजाऱ्यांना विचारून दोन पोती सुया गोळा केल्या, गॅरेजमध्ये पसरून वाळत घातल्या आहेत. भोपळ्यांची दारं आजच बंद केली. पहिली जोडी आली की इथेच कळवते. दहाव्या दिवशी पहिल्यांदा घरटं बदलताना काही अडलं तर पुन्हा विचारेन, कृपया धाग्यावर लक्ष असू द्या.